जखमी घुबडांसाठी स्वयंसेवक व्हायचंय, काम नेमकं काय असतं?

रातपाखरू:
गेल्या महिन्यात रात्री रस्त्याच्या कडेला एक गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं. जवळ गेलो तरी उडेना. टॉवेल टाकून खोक्यात घातलं आणि वन्यजीव उपचार केंद्रात पोचवलं. तेव्हापासून ते पांढरं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. आता दर शनिवारी त्याच केंद्रात जायचं ठरवतोय. या विषयातलं शिक्षण काहीच नाही. पक्षी हाताळायला किती दिवसांनी मिळतात? आणि खायला नुसतं चिकन चालतं का?

ढोलीतली:
मी सहा वर्षं जातेय. पहिले तीन महिने एकाही घुबडाला हात लावला नाही. पिंजरे घासले, खालचे कागद बदलले, रोज त्याच वेळी झालेल्या वजनाची नोंद केली, ओकलेले गोळे उचलले. त्या गोळ्यांचा कंटाळा करू नका. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस, हाडं गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं. खाऊनही गोळा पडला नाही, तर ते मी सगळ्यात आधी डॉक्टरांना सांगते.

म्हणूनच नुसतं चिकन चालत नाही. हाडं पोटात गेली नाहीत तर कॅल्शियम कुठून मिळणार? कुणीतरी घरी नुसत्या मांसावर वाढवलेलं एक पिल्लू आमच्याकडे आलं होतं. दोन्ही पाय वाकलेले, उभंच राहता येत नव्हतं. ते वाचलं नाही. आजही आठवलं की गलबलून येतं.

खंगून आलेल्या पक्ष्याला मात्र लगेच उंदीर देत नाहीत. आधी ऊब, मग डॉक्टर देतील तसे द्रव, अन्न त्यानंतर. आणि चोचीत पाणी कधीही ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं.

रातपाखरू:
मी पाणी पाजलं नाही, पण वाटेत पाठीवरून हात फिरवत होतो. अगदी शांत बसलं होतं.

पिंगळा:
ते शांत नव्हतं, भीतीनं थिजलं होतं. झाकलेलं खोकं, अंधार आणि गप्प माणसं, एवढंच त्याला हवं असतं. पण तुम्ही वेळेत पोचवलंत, हे फार मोलाचं आहे. पिल्लांच्या बाबतीत तर आम्ही त्यांच्यासमोर बोलतही नाही. तोंड झाकून, मोठ्या घुबडाच्या तोंडाची बाहुली हातात घालून भरवतो. माणसालाच आपलं मानायला लागलेलं पिल्लू पुढे रानात टिकत नाही.

ढोलीतली:
खरंय. मला एकीबद्दल सांगावंसं वाटतं. काटेरी तारेत अडकून पंख मोडलेली गव्हाणी मादी होती. हाड जुळलं, लांब पिंजऱ्यात सोडली. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते, त्यामुळे उडताना आवाज जवळजवळ होत नाही. मी पिंजऱ्याबाहेर डोळे मिटून उभी राहायचे. दर झेपेला फडफड ऐकू यायची. डॉक्टर म्हणायचे, अजून नाही, ही उंदराला आधीच कळेल. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मला फक्त नखं दांडीवर टेकल्याचा आवाज आला. मग ती अंधारात स्वतः उंदीर पकडते का, ते सलग काही रात्री पाहिलं.

जिथे सापडली होती तिथेच, पाऊस नसलेल्या दिवशी, तिन्हीसांजेला खोकं उघडलं. पावसात यांची पिसं लवकर भिजतात, म्हणून दोन दिवस थांबलो होतो. ती बाहेर आली, एकदा मान फिरवली आणि गेली. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला!

शनिवारी जाल तेव्हा तुमच्या घुबडाचं काय झालं ते जरूर विचारा. जाताना जुनी वर्तमानपत्रं न्या, केंद्रात ती कायम कमी पडतात.