नितळ पाण्यावर जाऊ नका

वर एका दादांनी लिहिलंय की प्लेटिंग शेडच्या (धातूवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवतात ती जागा) मागच्या विहिरीचं पाणी एकदम नितळ आहे, मग क्रोमची भीती कशाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी ६ वर्षं क्रोमच्या टाकीवर काढलीत, म्हणून सांगतो. षट्संयुजी क्रोमियमचा (क्रोमियमचं विषारी रूप, टाकीत असतं ते) पिवळेपणा डोळ्याला जाणवतो तो साधारण लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा एकूण क्रोमियमसाठी लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे पिवळं दिसेपर्यंत मर्यादेच्या वीसपट पिऊन झालं की! लॅबमध्ये आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड घालून जांभळा रंग येतो का बघतात, तीच चाचणी मागा. त्रिसंयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचंच दुसरं रूप, त्या मानानं बरंच सौम्य, त्यामुळे अहवालात नुसतं 'क्रोमियम' लिहिलं असेल तर अर्धीच गोष्ट कळते.

पण विहिरीपेक्षा मला काळजी टाकीवर उभ्या असलेल्या पोरांची. टाकीतल्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक आम्लाचे (त्यातही हेच षट्संयुजी क्रोमियम) बारीक तुषार उडतात, ते वर्षानुवर्षं छातीत गेले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. माझ्या जोडीदाराच्या रुमालावर रोज सकाळी रक्ताचा ठिपका असायचा. "उष्णता झाली असेल" म्हणायचा. शेवटी नाकाच्या पडद्याला भोक निघालं. मालकानं मास्क दिलेले, पण नुसती धूळ अडवणारे. आणि टाकीवरचा पंखा? तो बिल वाचवायला बंद.