पुढचे शॉकअप घरी बदलताना कुठे अडतं? (अनुभव धागा)

खड्डेमहर्षी
शेजारच्या पार्किंगमध्ये सकाळपासून कोणीतरी गंजलेल्या बोल्टवर हातोडा घालतंय. तो ठणठणाट ऐकून पुढचे शॉकअप सोडवायचा सगळा उपद्व्याप आठवला, म्हणून हा धागा. आल्टो, वॅगनआर, आय१० अशा छोट्या गाड्या डोळ्यासमोर आहेत. म्हणजे मॅकफर्सन स्ट्रट: शॉकअपवरच स्प्रिंग, वर माउंटिंग, खाली नकलला (चाक धरणारा लोखंडी भाग) दोन बोल्ट. "गॅरेजला द्या" हा सल्ला सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून लिहा.

सुरुवात करतो. शॉकअपवर धूळ चिकटलेला हलकासा तेलकट थर असेल तर घाबरू नका. ओघळ खालपर्यंत आला असेल आणि बोट लावल्यावर ओलं लागत असेल तर तो गेला. टायरवर हात फिरवा, ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले तरी संशय तोच. एक गेला तरी दोन्ही बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी दोन्ही बाजूंना सारखी बसत नाही.

दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. एकच बाजू उचलली की स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी) पिळलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड जागचा हलत नाही. निम्मे लोक इथेच शिव्या देतात.

आंबोळी
वाखू (वाचनखूण) साठवली. डाळ शिजेपर्यंत पूर्ण वाचते.

घाटवळण
लिंक रॉडचा नट फिरवला की आतला बॉलसुद्धा गरागरा फिरतो. पिनच्या टोकाला अ‍ॅलन कीचं भोक असतं, बहुतेक ५ किंवा ६ ची लागते. आधी ते भोक माती काढून साफ करा, नाहीतर की अर्धीच बसते आणि भोक गोल होतं. मग ग्राइंडर.

तेरा_चौदाचा_पाना
खालच्या दोन बोल्टबद्दल. १७ किंवा १९ ची गोटी लागते, गाडीवर अवलंबून. नट फिरवा, बोल्ट नाही. बऱ्याच गाड्यांत बोल्टच्या मानेला दाते असतात, ते स्ट्रटच्या पट्टीत रुतलेले असतात. बोल्ट फिरवला की दाते झिजतात आणि नवीन बोल्ट घ्यावा लागतो. नट निघाला की तो उलटा करून दोन-तीन आटे परत चढवायचा आणि त्यावर हातोडा मारायचा, म्हणजे आट्यांचं टोक चेपत नाही.

सोडायच्या आधी नकल आणि स्ट्रटची पट्टी यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. भोकांत थोडी फट असते. तेवढ्या फटीनेही कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो.

सोलकढी
कोकणात त्या रेघेआधी अजून एक काम असतं, गंज. खारा वारा आणि चार महिने पाऊस. आदल्या रात्री बोल्टला गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवायचा, सकाळी परत एकदा. मारण्याआधी तारेच्या ब्रशने आटे घासा, नाहीतर तेल मातीच पितं. ब्रेक डिस्कवर स्प्रे उडू देऊ नका, कापड टाका.

मिशिगनवासी
सोलकढी, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तुमच्या खाऱ्या वाऱ्याचा मोठा भाऊ. ब्रेकच्या नळीची पट्टी स्ट्रटला धरणारा १० किंवा १२ चा छोटा बोल्ट हमखास तुटतो. नळी नवीन स्ट्रटवर तशीच लोंबत सोडू नका, टायरला घासून फुटते. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढा.

इकडे स्प्रिंग, माउंटिंग सगळं बसवलेला अख्खा स्ट्रट विकत मिळतो. महाग, पण स्प्रिंग दाबायचा प्रश्नच मिटतो. आणि ऑटोझोनसारखी दुकानं स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) अनामत घेऊन देतात, परत केला की पैसे परत.

खड्डेमहर्षी
@मिशिगनवासी, आपल्याकडे छोट्या गाड्यांना बहुतेक सुटा शॉकअपच मिळतो, त्यामुळे स्प्रिंग आपल्यालाच दाबावी लागते. कॉम्प्रेसर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधा, पुण्यात नाना पेठेत विचारा.

हवालदार_पेन्शनर
स्प्रिंगला खेळणं समजू नका लोकहो. हिशोब करा. गाडी ९०० किलो, त्यातलं साठ टक्के वजन पुढे, म्हणजे ५४०. एका चाकावर २७०. तेवढा जोर ती स्प्रिंग रोज झेलते, आणि दाबल्यावर त्याहून जास्त. मधला नट सुटताना ती कॉम्प्रेसरने धरलेली नसेल तर माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखं उडतं.

मधला मोठा नट, शाफ्टवरचा, गाडीवर असताना उघडायचा नाही. कॉम्प्रेसर लागेपर्यंत त्याला हात नाही. गाडीच्या बॉडीला जोडलेले बाजूचे नट (दोन असोत वा तीन) वेगळे, ते शेवटी सोडायचे, एका हाताने स्ट्रट खालून धरून. काही मॉडेलांत वरची बांधणी वेगळी असते, आधी पार्टचं चित्र बघा.

चाकोरीबाहेर
काकांना +१. कॉम्प्रेसर लावायची पद्धत:

दोन हुक-दांड्या समोरासमोर, बरोबर १८० अंशांवर. शक्य तेवढी जास्त वेटोळी हुकांच्या मध्ये घ्या. दांडीच्या आट्यांना ग्रीस. दोन्ही बाजू आळीपाळीने, दोन-तीन फेरे इकडे, दोन-तीन तिकडे. एकीकडे पुढे गेलात की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक घसरायला लागतो. इम्पॅक्ट गन इथे वापरू नका, आटे तापून चावतात. स्प्रिंग वरच्या ताटलीपासून सुटून हाताने फिरायला लागली की बास, त्यापुढे दाबायची गरज नाही. स्प्रिंगचं टोक तोंडाकडे किंवा पोटाकडे ठेवायचं नाही. सुरक्षा पिन असलेले हुक येतात, तेच घ्या.

मग शाफ्टच्या टोकाला अ‍ॅलन की लावून नट फिरवायचा. शाफ्ट पक्कडीत धरू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला की सील महिन्याभरात झिरपतो. नवा शॉकअप, जुना गळका.

आंबोळी
डाळ करपली. पण माउंटिंगपर्यंत आले 😅

घाटवळण
@आंबोळी वास इथपर्यंत आला.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शाफ्टवरचा धक्का झेलणारा ठोकळा) आणि धुळीची रबरी टोपी बदलून टाका. बेअरिंग बोटांनी फिरवून बघा, खरखर लागली की काढा. फक्त शॉकअप घेऊन जुनं बेअरिंग लावलं तर दोन महिन्यांत स्टिअरिंग वळवताना 'टण्ण' येईल. स्प्रिंग अडकून अडकून एकदम सुटते, तो आवाज. मजुरी परत तेवढीच.

तेरा_चौदाचा_पाना
बसवण्याआधी एक पायरी बरेच जण गाळतात. शॉकअप उभा धरा, शाफ्ट पूर्ण खाली दाबा, पूर्ण वर ओढा, चार-पाच वेळा. दुकानात आडवा पडून त्यात हवा शिरलेली असते, मध्येच पोकळ झटका लागतो. तो जाईपर्यंत करत राहा. गॅसवाला असेल तर शाफ्ट आपणहून वर येतो, त्याला दाबून बांधलेली पट्टी कापताना तोंड बाजूला. आणि डावा-उजवा बघून घ्या, ब्रेक नळीची पट्टी उलट बाजूला आली तर सगळं परत उघडायचं.

स्प्रिंगचं खालचं टोक ताटलीच्या पायरीला टेकलं पाहिजे, अगदी शेवटपर्यंत. माउंटिंगवर बाण किंवा खूण असेल तर तीही जुळवा. शाफ्टचा नट नवाच, नायलॉनवाला. मग कॉम्प्रेसर परत आळीपाळीने सैल.

नाना_नाशिककर
टॉर्कचे आकडे टाका की कोणीतरी. सगळे नुसतं 'घट्ट करा' म्हणतात.

चाकोरीबाहेर
नाना, शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. अंदाज म्हणून: खालचे दोन बोल्ट साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर, शाफ्टचा नट पन्नासच्या आसपास. वरचे छोटे नट त्याहून कमी, तिथे ताकद लावली की स्टड उपटतो. खालच्या बोल्टला तेल-ग्रीस लावू नका, आकडा खोटा येतो आणि बोल्ट जास्त ताणला जातो. नकलची बाजू ब्रशने गंजमुक्त करा, मग रेघेला रेघ जुळवून घट्ट.

सोलकढी
नकल सुटला की तो बाहेर लोंबायला देऊ नका. बाहेर झुकला की आतला एक्सल ओढला जातो, गिअरबॉक्सकडच्या सांध्याचे रोलर निसटू शकतात. मग रबरी बूट, ग्रीस, रविवार, सगळं जातं. तारेने वर बांधा किंवा लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणारा आडवा दांडा) जॅक लावून ठेवा. एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वायर पण क्लिपमधून आधीच सोडा.

खड्डेमहर्षी
अरे हो, वायर! ओढली की सेन्सर जातो आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

पिंपळपान
मागचे शॉकअप पण असेच का? विचारते कारण वॅगनआर मागून दणकते.

तेरा_चौदाचा_पाना
@पिंपळपान मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यामुळे कॉम्प्रेसरची गरज नाही. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून वजन घ्या, वर-खालचे बोल्ट काढा. अ‍ॅक्सलला आधार नसताना बोल्ट काढला तर तो एकदम खाली येतो, स्प्रिंग निसटते. बुशवाले (रबरी नळीतून जाणारे) बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या, नाहीतर बुश कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. आणि दणकण्याचं कारण आधी शोधा, डिकीतला जॅक सैल असतो कधी कधी 😀

हवालदार_पेन्शनर
अ‍ॅम्बॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पीळ खाणारी दांडी) होता, वेटोळ्यांची स्प्रिंगच नाही. ह्या कॉम्प्रेसरची भानगड नव्हती.

नाना_नाशिककर
काका, तिची बाकी भानगड काय कमी होती?

हवालदार_पेन्शनर
ती वेगळ्या धाग्यात.

घाटवळण
झाल्यावर: चाकाचे नट जमिनीवर उतरवून आडव्या-उभ्या क्रमाने. अलाइनमेंट लगेच करा, विशेषतः टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते). रेघ जुळवली तरीही. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. 'खडखड' आली तर पहिला संशय लिंक रॉडच्या नटवर, 'ठक' आली तर शाफ्टच्या नटवर.

पिंपळपान
@तेरा_चौदाचा_पाना जॅकच होता 🙈

नाना_नाशिककर
टॉर्क पाना कोणाकडे आहे का नाशिकात? ४० च्या खाली पण दाखवणारा हवा.

चाकोरीबाहेर
आहे नाना, २० ते २१०चा. गंगापूर रोडला घेऊन जा शनिवारी. परत देताना आकडा सगळ्यात खाली आणून द्या, आतली स्प्रिंग ताणलेली राहिली तर तो चुकीचं दाखवायला लागतो. आणि त्याने बोल्ट उघडू नका, फक्त घट्ट करायला आहे.