शेवट माहीत असलेला सिनेमा : कुणासोबत पाहिला, कुठं हसलात?

परवा जेवणं झाल्यावर आईसोबत मोबाइलवर एक जुना मराठी सिनेमा पाहिला. पोरगा-पोरगी पहिल्याच भेटीत तंडले, तशी आई म्हणाली, "झालं, यायचं लग्न होते आता." तरी ती शेवटपर्यंत जागची हलली नाही. विरजण लावायचं राहिलं. सकाळी चुलीपुढं बसून त्याच एका प्रसंगावर पुन्हा हसत होती.

शेवट ठाऊक असला की जीव टांगणीला लागत नाही आणि मधल्या गमतीकडे नीट पाहता येतं, असं मला वाटतं. आमच्याकडे कपाशी टोबली की पाऊस, बोंडअळी, भाव, कशाचाच नेम नसतो. अशा घरात दोन तास तरी सगळं ठरल्यासारखं होतं, याचं मोल मला फार आहे. तुमचा अनुभव लिहा. नुसतं सिनेमाचं नाव नको, प्रसंग सांगा, शेजारी कोण होतं ते सांगा.
(आर्वी, जि. वर्धा)

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

गणपतीत गावात व्हिडिओ आणायचे, तेव्हाची गोष्ट. तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं यायचा, बैलगाडीत, खाली कडबा आणि त्यावर गोधडी अंथरून. महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ १९८५ चा, आमच्या गावात तो चार गणपतींत चारदा लागला. गोष्ट सगळ्यांना पाठ. धनाजी वाकडेला श्रीमंत जावई पाहिजे, पोरीचा जीव साध्या पोरावर, म्हणून अशोक सराफ त्या पोराचा श्रीमंत बाप बनून येतो.

चौथ्या वर्षी नेमका तो बाप दारात आला आणि स्पीकरची वायर कुणाच्या तरी पायात येऊन तुटली. चित्र चालू, आवाज गायब. एक मिनिटभर शांतता. मग मागून कुणीतरी धनाजीचं वाक्य म्हटलं, बायांच्या बाजूनं पोरीचं उत्तर आलं. आणि ओट्यावर बसलेले आमचे पोलीस पाटील, ज्यांना मी तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या खोट्या बापाचं बोलणं म्हणू लागले, खोकल्यासकट! एक हात कमरेवर, मान मागे. वायर जोडून झाली, आवाज परत आला, तर लोक ओरडले, "राहू दे ना बे, पाटलाचंच चालू दे!" उरलेला सिनेमा तसाच झाला. आज तो पुन्हा पाहताना मला कानात पाटलांचाच आवाज येतो.

देवळी तालुका, जि. वर्धा

मी सिनेमे पाहिले कमी अन् आयकले जास्त. कापूस वेचाले आम्ही धा-बारा बाया जावो. त्यात एका काकूच्या माहेरी टीव्ही होता. दिवाळी करून आली की ते एक सिनेमा घेऊन ये. एका पातीले हिरो भेटे, दुसऱ्या पातीले भांडन लागे. लग्न होनार हे पह्यल्याच दिवशी समजे, तरी सगळ्या हात चालू ठेवून इचारत, "मंग?" काकू बोंडातून कापूस काढता काढता हिरोच्या मामाचा आवाज काढे. एकदा हासू हासू माह्या ओटीतला कापूस खाली सांडला, काडीकचऱ्यासकट उचलला. संध्याकाळी काट्यावर बोलनं खाल्लं. घरी जायेपर्यंत तरी हासूच येत होतं.

देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

आमच्याकडे सिनेमापेक्षा नाटक मोठं. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत, पडदा रात्री उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आमच्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वाटलं, आपल्या मंडपातल्या हशाला मान मिळाला.

मी विनोदी पात्र करतो. जोडी जुळणार हे लोकांना तिकीट काढतानाच माहीत असतं. तरी थंडीत शाल पांघरून ते बसतात. आमच्या एका नाटकात नायिकेची चिठ्ठी माझ्या हाती लागते आणि मी ती उलटी धरून वाचतो. पुढच्या रांगेतली आजी ओरडते, "उलटी हाये जी, उलटी!" तिनं हे नाटक आधीही पाहिलेलं असतं. ओरडायला मिळावं म्हणूनच ती आलेली असते. मी कागद सरळ करेपर्यंत जितका वेळ लावीन, तितका मंडप हसतो.

एका हंगामात आम्ही शेवट बदलला, जोडी तोडली. पडदा पडला तरी लोक उठेनात, त्यांना वाटलं अजून एक प्रवेश आहे. पुढच्या गावात ही बातमी आधीच पोचली, आणि त्या रात्री उलट्या चिठ्ठीवर कुणी हसलंच नाही. लोकांना त्या पोरीची काळजी लागली होती. तिसऱ्या प्रयोगाला लग्न परत आणलं, चिठ्ठीवरचं हसूही परत आलं.

मेहकर, जि. बुलढाणा

मी शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनात देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला छोटा प्रवेश बसवला होता. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलियरची, मराठीत संगीत नाटक म्हणून आलं १९१६ साली. एका तसबिरीवरून सगळे एकमेकांवर संशय घेतात, प्रेक्षकाला सारं ठाऊक, पात्रांना काहीच नाही. सहावीची पोरं पहिल्या तालमीपासून शेवटच्या तालमीपर्यंत त्याच जागी हसली.

अचलपूर, जि. अमरावती

मला हे सिनेमे मनापासून आवडतात, पण एक गोष्ट बोचते. पोरीनं नाही म्हटलं तरी हिरो मागे लागतो, आणि शेवटी ती हो म्हणणार हे ठरलेलं. अकरावीत असताना एसटी स्टँडवर एक जण रोज तसाच उभा राहायचा. सिनेमात जिथं सगळे हसतात, तिथं माझ्या पोटात गोळा येतो. शेवट ठरलेला असू द्या, पण तो दोघांनी ठरवलेला पाहिजे.

म्हणून सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) माझा. मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी, एक दिवस, आणि सगळा वेळ बोलणं. मला पाहायला आले तेव्हा आम्हाला बोलायला सात मिनिटं मिळाली होती, मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगाशेजारी. त्यांच्या बाहीला कापूस चिकटला होता, सांगावं की नाही यातच माझी चार मिनिटं गेली. लग्नानंतर पहिला सिनेमा आम्ही हाच पाहिला. त्यांनी तो आधी पाहिलेला. विनोद व्हायच्या आधीच हसायचे आणि लगेच माझ्याकडे पाहायचे, मला हसू येतं का म्हणून. मी अर्धा सिनेमा पडद्यावर पाहिला, अर्धा त्यांच्या तोंडावर.

लाखनी तालुका, जि. भंडारा

भारनियमनाचे दिवस. शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि लाइन गेली. आम्ही पोरं चिडलो. आजी म्हणाली, "कायले रडता? मी सांगतो ना पुढचं." अंगणात खाटेवर पडल्या पडल्या तिनं गैरसमज दूर केला, हिरोच्या रुसलेल्या बापाला हसवलं, मांडव घातला, पंगत वाढली, वरणावर तूप किती पडलं तेही सांगितलं. हिरोइनची आई विधवा होती. तिला आजीनं पोरीच्या घरी जागा दिली, समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. आजी स्वतः ऐन तिशीत विधवा झालेली.

मागच्या वर्षी तो सिनेमा पूर्ण पाहायला मिळाला. गैरसमज दूर होतो, बाप हसतो, मांडव पडतो. आई शेवटच्या प्रसंगात नाहीच. मी मागं नेऊन दोनदा शोधलं.