मदत हवी आहे: एका घरात तीन तऱ्हेची शिस्त

मुलगा दुसरीत आहे. गणित चुकलं की वही दप्तराच्या तळाशी लपवतो, विचारलं तर गप्प. सासरे कडक, "मुलांना धाक हवाच" म्हणणारे. नवरा मागेल ते देणारा. मी नियम ठेवते, पण तो का आहे हे समजावते.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे प्रकार मांडले: हुकमी, मोकळं सोडणारे, आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळणारे. या शेवटच्या प्रकारच्या घरांतली मुलं सहसा अभ्यासात आणि भावना आवरण्यात बरी असतात (सगळ्या समाजांत चित्र अगदी सारखं नाही, हेही खरं). पण ती मांडणी मुख्यतः आईवडिलांची. आजोबाही रोज अभ्यास घेत असतील तर मुलाने कोणाचं धरायचं?

बाबांचा नातवावर फार जीव आहे, त्यांना दुखवायचं नाही. निदान चुकीवर कोणी ओरडू नये, एवढं तरी सगळ्यांनी पाळावं असं मनापासून वाटतं. हे त्यांच्याशी मी बोलू की नवऱ्याने बोलावं? आणि ती वही मी काढून बघू, की तो दाखवेपर्यंत थांबू? एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.