डेड केनेडीज: शब्द कळतच नसतील तर टीका पोचते का?

रात्रपाळी:
परवा एका जवळच्या मित्राला डेड केनेडीज हा अमेरिकन पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँड ऐकवला. "नुसता गोंगाट" म्हणत त्याने दुसऱ्या मिनिटाला हेडफोन काढला. मला ते लागलं. 'हॉलिडे इन कंबोडिया' (१९८०) घ्या. आधी क्लाउस फ्लोराइडचा बास, मग प्रतिध्वनीत भिजलेली ईस्ट बे रेची गिटार. सर्फ संगीताचा समुद्रकाठचा सूर, पण इथे त्यानेच अंगावर काटा येतो. मग जेलो बियाफ्रा त्या कापऱ्या, चिरक्या आवाजात कॉलेजातल्या पोराची हजेरी घेतो. गरिबांचं दुःख मिरवणाऱ्या त्या पोराला तो थेट कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याच्या राज्यात, वाडगाभर भातासाठी बंदुकीच्या धाकात राबायला धाडतो. हेच शब्द साध्या चालीत गायले तर भाषण होईल. इथे आवाजच टीका करतो.

उलटतपासणी:
नाही पटलं. पहिल्यांदा ऐकताना मला "पोल पॉट"पलीकडे काही कळलं नव्हतं. 'किल द पुअर'चंच बघा. न्यूट्रॉन बॉम्ब माणसं मारतो, इमारती बऱ्याच शाबूत ठेवतो, तर मग गरिबांचाच काटा काढू, असा तो उपहास. पण गर्दी काय ओरडते? "गरिबांना मारा!" १९८१मध्ये नाझी पंक्सना (नाझी विचार मिरवणाऱ्या पंक पोरांना) हाकलणारं गाणं याच बँडला का करावं लागलं? समोरच्या गर्दीलाच अर्थ पोचत नव्हता म्हणून.

रात्रपाळी:
त्या गाण्यात एकही शब्द आडून नाही, आणि ते आहे जेमतेम मिनिटभराचं. जिथे उपहास पुरला नाही तिथे बियाफ्राने तो बाजूला ठेवला. शब्दांचं म्हणाल तर 'कॅलिफोर्निया ऊबर आलेस' आधी कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा गव्हर्नर जेरी ब्राउन याच्यावर होतं (१९७९). रेगन अध्यक्ष झाल्यावर १९८१मध्ये तेच नव्या शब्दांत आलं. सुरुवात बारमधल्या सुस्तावलेल्या जॅझसारखी, आणि मग एकदम अंगावर येतं. इंग्रजीचा गंध नसलेल्यालाही तो झटका कळेल.

बाजू बी:
मधे पडतो. १९८१चं हे नवं रूप ज्या रेकॉर्डवर आहे, तिच्यात आठ गाणी चौदाएक मिनिटांत उरकतात. मला ती आवडत नाही. पहिल्या अल्बममधली भीती या वेगाने खाऊन टाकली. रेच्या गिटारला श्वास घ्यायला जागा हवी, ती 'कंबोडिया'त आहे.

उलटतपासणी:
जॅझचा भाग आत्ता परत ऐकला. तेवढं मान्य. 'किल द पुअर'चं उत्तर मात्र आलेलं नाही.

रात्रपाळी:
देतो. ते गाणं सुरू होतं राष्ट्रगीताच्या थाटात, संथ आणि भारदस्त. म्हणजे बोलतंय ते सरकार. कोरस ओरडणाऱ्याच्या तोंडी सरकारच्या मनातलं वाक्य येतं, आणि ते तोंडात कडू लागावं यासाठीच तर ती चाल इतकी गोड आहे. मी सोळाव्या वर्षी ते मोठ्याने म्हटलं आणि तिसऱ्या खेपेला गप्प झालो.