ट्यूना सॅलड: कधी खाल्लंत, कधी टाकलंत?

मधली_सुट्टी
आज फ्रीज पुसताना मागच्या कोपऱ्यात ट्यूना सॅलडचा डबा सापडला आणि हॉस्टेलमधली ती रात्र आठवली. टिनमधला ट्यूना मासा मेयोनीजमध्ये कालवून सॅलड दुपारी केलेलं, टेबलावरच राहिलेलं. रात्री वास घेतला, काही नाही. रंगही तसाच. दोघींनी चाटूनपुसून खाल्लं आणि तीन तासांत बाथरूमवरून भांडणं. डॉक्टर म्हणाले, हाताचे जंतू त्यात वाढले की जे विष सोडतात त्याला वास नसतो, गरम करूनही ते जात नाही. आजचा डबा न उघडता टाकला. तुमचे अनुभव लिहा.

निळी_छत्री
बाहेर दोन तास, बास. ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच. फ्रीजमध्ये ३-४ दिवस, तेही फ्रीज ४ अंश किंवा त्याहून थंड असेल तर. मी डब्यावर तारीख चिकटवते. नवरा हसतो. हसू दे.

चष्मा_शोधतोय
आमच्याकडेही तारीख असते, फक्त महिना लिहीत नाहीत.

गॅसवर_दूध
मेयोनीजला उगाच बदनाम करतात. विकतच्यात व्हिनेगर असतं, त्या आंबटपणात जंतूंचं फारसं चालत नाही. घरी कच्च्या अंड्याचं केलं असेल तर गोष्ट वेगळी. बाकी घोळ होतो तो मासा, चिरलेली भाजी नाहीतर आपले हात यांच्यामुळे. आलेच, दूध

नुसती_वाचक
वर पाणी सुटलं म्हणजे खराब का? परवा टाकून दिलं तर साबा (सासूबाई) अजून बोलतायत.

गॅसवर_दूध
अगं नाही, काकडी आणि सेलरीला पाणी सुटतंच. बुळबुळीत झालं, आंबूस वास आला, बुरशी दिसली तर टाक. आणि "जरा चाखून बघते" मुळीच नको. (दूध गेलंच.)

तिसरा_चहा
माझं वेगळंच. खाताना जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं. मी ॲलर्जी समजलो, निघालं हिस्टामीन. मासा पकडल्यावर नीट थंड ठेवला नाही की त्यात ते तयार होतं, मग शिजवा नाहीतर गोठवा, हलत नाही. गंमत म्हणजे उतरलं ॲलर्जीच्याच गोळीने. नंतर कितीदा ट्यूना खाल्ला, काही नाही.

चष्मा_शोधतोय
माझी बायको म्हणाली असती, लाजलास का.

उशिरा_आलेली
एकदा फ्रीझरमध्ये टाकलं होतं. मेयोनीज फाटलं, तेल एकीकडे, चोथा एकीकडे. खराब नव्हतं पण खाववेना. आता ट्यूना नुसता ठेवते (टिनमधून काढून, झाकणाच्या काचेच्या भांड्यात) आणि आयत्या वेळी कालवते.

अर्धवट_झोपेत
विषयांतर. टिनमध्ये काचेचे तुकडे सापडले म्हणून मी तक्रार लिहायला बसलो होतो. निघाले स्ट्रुव्हाइटचे स्फटिक, म्हणजे माशातल्याच क्षारांचे खडे, निरुपद्रवी. व्हिनेगरमध्ये मंद उकळले की विरघळतात, काच विरघळत नाही. अर्धं पत्र अजून आहे.

निळी_छत्री
फुगलेला टिन मात्र उघडायचाच नाही. बोट्युलिझमशी (जीवघेणी विषबाधा) खेळ नको.

नुसती_वाचक
वहिनीला सातवा महिना लागलाय. तिला चालेल ना?

निळी_छत्री
ताजं करून लगेच खाऊ दे, किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. विकतचं तयार सॅलड टाळाच, लिस्टेरिया नावाचा, गरोदरपणात धोक्याचा जंतू फ्रीजमध्येही वाढतो.

नुसती_वाचक
थँक्यू गं. साबांना धागा दाखवला. म्हणाल्या, टाकलंस ते ठीक, डबा का टाकलास?