आप्पा गेले, त्यांची घोडी मागे राहिली. काय करावं?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. दोन महिन्यांपूर्वी आमचे आप्पा गेले. गाव शहाद्याकडचं, त्यामुळे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा म्हणजे आप्पांची पंढरीच, तापीकाठच्या त्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी जनावरं बघत दिवसभर फिरायचे आणि येताना आम्हा बहिणींना बांगड्या आणायचे. लहानपणी मला ताप आला की घोडीवर पुढ्यात बसवून दवाखान्यात न्यायचे, माझं डोकं त्यांच्या छातीला टेकलेलं असायचं.

दादाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी पहिली घोडी विकली. तेव्हा कुणाला काही बोलले नाहीत, पण आई सांगते की नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी चंदीसाठी हरभरे काढायचे, आणि आठवलं की परत डब्यात टाकायचे.

आत्ताची घोडी पंचकल्याणी आहे, चारही पाय आणि कपाळ पांढरं, वय 20 च्या आसपास. आप्पा गेल्यापासून नीट खात नाही, फाटकाकडे तोंड करून उभी असते. दादा पुण्याला, मी नाशिकला, आई एकटी. आई म्हणते विकायची नाही. काय करू?

प्रतिसाद 1
ताई, वाचून डोळे भरले. पण आधी तिचे दात दाखवा. या वयात दाढांच्या कडा धारदार होतात, गालाला नि जिभेला टोचतात मग घास चावता येत नाही, अर्धवट चावलेला चारा तोंडातून पडतो. डॉक्टर कानशीने घासून देतात. आणि कितीही माया आली तरी खुराक एकदम बदलू नका, घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ उठला तर जीवावर बेततं. खुरं पण 6 ते 8 आठवड्यांनी नालबंदाकडून बघून घ्या.

प्रतिसाद 2
विकू नका हो. म्हातारी घोडी बाजारात गेली की कुणाच्या वरातीत डीजेसमोर उभी राहील सांगता येत नाही. घोडं कळपातलं जनावर, एकटं झुरतं. आमच्या आजोबांच्या घोड्याजवळ आम्ही शेळी बांधली होती, दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे, ती दिसली नाही की तो खिंकाळायचा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. दातच होते, डॉक्टर येऊन घासून गेले, आता भिजवलेले हरभरे खातेय. शेजारच्या काकूंची शेळी पण आणून बांधलीय. आणि काल आईचा फोन आला, चाळीस वर्षं जी बाई घोडीच्या दोन हात लांबून जायची तिने स्वतः खरारा केला. म्हणाली, मानेवरून हात फिरवला की ती डोळे मिटते, आप्पा करायचे तेव्हा मिटायची तशीच.